सोयाबीनच्या ऐन सुगीत हार्वेस्टरचं इंजिन दम सोडतं तेव्हा

‘मशीन लोड घेत नाही’ या एका तक्रारीत तीन वेगळे बिघाड लपलेले असतात. एकात इंजिनाची ताकद खरंच घटलेली असते. दुसऱ्यात इंजिन ठणठणीत असतं, पण त्याच्यावरचा भार वाढलेला असतो. तिसऱ्यात इंजिन ताकद देत असतं, पण ती पट्ट्यावरच घसरून वाया जाते. सुगीच्या गर्दीत हे तिन्ही एकसारखेच दिसतात. मग डिझेल पंप उतरवला जातो, नोझल बदलले जातात, दोन दिवस आणि बरेच पैसे जातात, आणि शेवटी कळतं की टाकीच्या झाकणाचं भोक धुळीनं बुजलं होतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी मोजमाप करायचं, आणि फुकट ते महाग या क्रमानं जायचं.

इथलं वर्णन मुख्यतः आपल्याकडे सर्वाधिक दिसणाऱ्या मशीनांना धरून आहे: साधारण १०० अश्वशक्तीचं, २२०० आरपीएमचं (मिनिटाला इतके फेरे), यांत्रिक डिझेल पंपाचं इंजिन आणि १४ फुटांच्या आसपासचा कटर. इलेक्ट्रॉनिक इंजिनांचा वेगळा विचार पुढे आहे.

आधी आरपीएम मोजा

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. जुन्या मशीनवर तो शे-दोनशेनं सहज चुकतो. हजार-दीड हजार रुपयांत मिळणारा प्रकाशाचा टॅकोमीटर आणि पुलीवर चिकटवायची चमकती पट्टी एवढं पुरतं. चार मापं घ्या आणि लिहून ठेवा:

१. मळणी बंद, मशीन उभं, रेस पूर्ण. २२०० च्या इंजिनाचा आकडा इथे रेटेडपेक्षा (कामाच्या ठरलेल्या वेगापेक्षा) साधारण ५ ते १० टक्के वर हवा, म्हणजे २३०० ते २४०० च्या घरात. नेमका आकडा मशीनच्या पुस्तिकेत असतो.

२. मळणी चालू, पण रिकामी. आकडा थोडा उतरेल, तरी २२०० च्या खाली जायला नको.

३. पिकात, नेहमीच्या वेगानं. सोयाबीनमध्ये ताशी ३ ते ४ किलोमीटर.

४. दुसऱ्या आणि तिसऱ्या मापाच्या वेळी ड्रमच्या (मळणीच्या फिरत्या पिंपाच्या) पुलीचेही फेरे.

आता निदान बरंचसं आपोआप होतं. पहिल्याच मापात आकडा कमी असेल तर रेसचा लिव्हर, गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) किंवा डिझेलचा पुरवठा यांकडे पाहा. पहिला आकडा बरोबर आणि दुसऱ्यात मोठी घसरण असेल, तर मळणीच्या भागात काहीतरी अडकतंय. पहिले दोन बरोबर आणि पिकात शिरल्यावरच इंजिन बसत असेल, तर इंजिन अशक्त आहे किंवा पीक जड आहे.

चौथं माप पट्ट्याचं बिंग फोडतं. समजा रिकाम्या मळणीत इंजिन २२०० आणि ड्रम ५०० आहे. पिकात इंजिन २१०० वर आलं, तर ड्रम त्याच प्रमाणात ४७७ च्या आसपास हवा. तो ४०० वर आला असेल, तर इंजिनाला हात लावायचं कारणच नाही. मुख्य पट्टा घसरतोय. पट्ट्याच्या कडा काचेसारख्या चमकत असतील, जळक्या रबराचा वास येत असेल किंवा पुली हात ठेववणार नाही इतकी तापली असेल (हात इंजिन बंद करूनच लावा), तर खात्रीच. ताण वाढवण्याआधी पुलीच्या खाचेत पट्टा तळाला टेकतोय का ते पाहा. टेकत असेल तर पट्टा झिजलेला आहे, आणि कितीही ताणला तरी घसरणारच.

पीकच जड आहे का?

सोयाबीनला ही गोष्ट फार लागू पडते, म्हणून इथे जरा थांबू.

वाळलेली काडी कटकन मोडते. तीच काडी दवानं ओली झाली की चामड्यासारखी चिवट होते, ड्रम आणि जाळीच्या मधे मोडण्याऐवजी पिळली जाते आणि इंजिनाची बरीच जास्त ताकद खाते. दुपारी दीडला व्यवस्थित चालणारं मशीन संध्याकाळी सहानंतर त्याच रानात दम टाकू लागलं, तर त्यात बिघाड काही नाही. सकाळी दव उडेपर्यंत, म्हणजे बहुतेक ठिकाणी दहा-साडेदहापर्यंत, थांबलेलं बरं. दाण्यातला ओलावा १३ ते १५ टक्क्यांवर असताना काढणी सोपी जाते. मात्र जेएस ३३५ सारखा वाण जास्त दिवस उभा ठेवला तर शेंगा तडकतात, त्यामुळे ‘अजून वाळू दे’ म्हणायलाही मर्यादा आहे.

दुसरं कारण तण. परतीच्या पावसानंतर केना आणि हरणखुरी हिरवीगार राहतात. हरणखुरीचे वेल कटरवरच्या रील आणि ऑगरला (पीक आत ओढणारी फिरकी आणि मळसूत्र), पुढे ड्रमच्या दोन्ही टोकांना शाफ्टवर गुंडाळले जातात. केन्याच्या रसानं भुसकट चिकटून जाळीची भोकं बुजतात. मग ड्रममध्ये माल दोन-दोनदा फिरतो. मशीन बंद करा, चावी खिशात टाका, कटर उचललेला असेल तर त्याचा सुरक्षा टेकू लावा आणि मगच झाकणं उघडा. ड्रमच्या टोकांना गुंडाळलेलं वेटाळं कोयत्यानं कापून काढा. मुख्य पट्टा सैल करून ड्रम हातानं फिरवून बघा. जाळीला न घासता फिरला पाहिजे.

तिसरं, कटरची पाती बोथट असतील तर झाड कापलं न जाता ओढलं जातं, मुळाची माती वर येते आणि ती माती सगळीकडे घासते. शेंगा जमिनीपासून चार बोटांवर लागतात म्हणून कटर जमिनीलगत चालवावा लागतो, हे खरं. पण तो जमीन खरवडायला लागला की चालकाला ते इंजिनाच्या आवाजातूनच आधी कळतं.

बेअरिंग शोधायला तासभर काम झाल्यावर मशीन थांबवून तापमापक बंदूक फिरवा. एकाच शाफ्टच्या दोन टोकांपैकी एक दुसऱ्यापेक्षा २५–३० अंशांनी गरम असेल, तर ते बेअरिंग जातंय. चाकांच्या हबवरही बंदूक फिरवा; एका बाजूचा ब्रेक धरून राहिला असेल तर मशीन रस्त्यावरसुद्धा जड चालतं.

एक चूक इथेच सांगायला हवी. सोयाबीनची डाळ होऊ नये म्हणून काही चालक रेस कमी करून ड्रम हळू करतात. त्यानं इंजिन पूर्ण ताकद देतं त्या आरपीएमच्या खाली जातं, पंखा आणि चाळण्याही मंदावतात, मशीन तुंबतं आणि दोष इंजिनाच्या माथी येतो. ड्रमचा वेग पुली बदलून किंवा व्हेरिएटरनं (वेग कमी-जास्त करता येणाऱ्या पुलीनं) कमी करायचा. इंजिन पूर्ण रेसवरच ठेवायचं.

धूर काय सांगतो

पिकात असताना सायलेन्सरकडे दुसऱ्या माणसाला बघायला सांगा. काळा धूर आणि ताकद कमी: डिझेल पुरेसं आहे, हवा कमी पडतेय, किंवा भार फारच जास्त आहे. पांढरा धूर: डिझेल न जळताच बाहेर पडतंय, पाणी, खराब नोझल, टायमिंग किंवा कॉम्प्रेशन. निळा धूर: ऑइल जळतंय, रिंगा, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बो (इंजिनात दाबानं हवा भरणारा पंखा). आणि सर्वांत उपयोगी खूण म्हणजे धूरही नाही आणि ताकदही नाही. इंजिनाला डिझेलच पोचत नाहीये. अशा वेळी हवेच्या फिल्टरशी झटापट करणं व्यर्थ.

किती वेळानं दम सुटतो हेही पाहा. वीस-तीस मिनिटं चांगलं चालून मशीन बसतं, पाच मिनिटं बंद ठेवलं की पुन्हा चालतं, तर बहुतेक वेळा टाकीत कचरा आहे किंवा झाकणाचं श्वासभोक बंद आहे. ओढ थांबली की जाळीला चिकटलेला कचरा खाली पडतो, म्हणून मशीन ‘आपोआप बरं’ होतं. चार-पाच दिवसांत हळूहळू ताकद गेली, तर फिल्टर. एका क्षणात गेली, तर निसटलेला पाइप किंवा केबल. फिल्टर बदलल्यानंतर लगेच गेली, तर रबरी रिंग नीट बसलेली नाही. डिझेल भरल्यानंतर गेली, तर डिझेलच.

रेसचा लिव्हर: दोन मिनिटांचं काम

एकाला सीटवर बसवून रेस पूर्ण द्यायला सांगा आणि तुम्ही पंपावरचा लिव्हर बघा. तो शेवटच्या थांब्याच्या बोल्टला टेकला पाहिजे. केबल ताणून लांबलेली असेल, क्लॅम्प सरकला असेल किंवा सांधा झिजला असेल तर पाव-अर्धा इंच अंतर राहतं आणि तेवढ्यात शे-दोनशे आरपीएम जातात. केबल ताणून घ्या. थांब्याचा सीलबंद स्क्रू मात्र फिरवायचा नाही. तो फिरवून डिझेल वाढवलं की तासभर ताकद आल्यासारखी वाटते. मग काळा धूर, तापलेले पिस्टन आणि फुगलेलं डिझेलचं बिल. सील तोडून ताकद मिळवणारा मिस्त्री बिघाड दुरुस्त करत नाही, झाकतो.

हवा

सोयाबीनच्या शेंगेवर बारीक लव असते. मळणीत ती धुळीत मिसळते आणि फिल्टरवर अक्षरशः नमद्यासारखा थर धरते. गव्हात आठवडाभर चालणारा फिल्टर सोयाबीनमध्ये दिवसात बुजू शकतो.

फिल्टरवर अडथळा दाखवणारा सूचक असेल तर तो लाल झाल्यावरच बाहेरचा फिल्टर काढा. हे सूचक साधारण ६३० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतक्या ओढीला लाल होतात. उगाच रोज फिल्टर काढणं चुकीचं आहे, कारण प्रत्येक वेळी थोडी धूळ आत जाते. साफ करताना हवा आतून बाहेर मारायची, दाब २ बारच्या आत, म्हणजे ३० पीएसआयपेक्षा कमी. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब कागदाला न दिसणारी भोकं पाडतो. टायरवर आपटणं तर नकोच. कडा वाकते आणि पुढे कधीच नीट बसत नाही. साफ केलेल्या फिल्टरच्या आत बॅटरी धरून अंधारात बघा. प्रकाशाचा ठिपका दिसला की फिल्टर फेकायचा. आतला लहान सुरक्षा फिल्टर साफ करायचाच नसतो, फक्त बदलायचा.

हवेचा फिल्टर कागदाऐवजी ऑइलच्या वाटीचा असेल तर वाटीतलं ऑइल खुणेपर्यंतच ठेवा, आणि तळाला साधारण १ सेंटिमीटर गाळ जमला की बदला. सोयाबीनमध्ये हे रोजचंच काम होतं.

फिल्टरनंतरच्या पाइपमध्ये आतून पांढऱ्या कापडाचं बोट फिरवा. धूळ लागली तर क्लॅम्प, रबर किंवा फिल्टरची बैठक गळतेय. या गळतीनं आज ताकद कमी होणार नाही. पण लायनर आणि टर्बोची पाती घासून पुढच्या हंगामात इंजिन उघडावं लागेल. काही जण परीक्षेसाठी फिल्टर काढूनच मशीन चालवतात. दोन फेऱ्यांसाठीसुद्धा हे करू नका. परीक्षाच घ्यायची तर नवा फिल्टर बसवून घ्या.

मेपासून सप्टेंबरपर्यंत मशीन शेडमध्ये उभं असतं, तेवढ्यात फिल्टरच्या डब्यात उंदीर घर करतात आणि सायलेन्सरच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घरटं बांधते. हंगामाच्या पहिल्याच दिवशी ताकद कमी आणि धूर काळा असेल, तर आधी हे दोन बघा.

टर्बो असेल तर टर्बोपासून इनटेकपर्यंतचे (इंजिनात हवा शिरते तिथपर्यंतचे) सगळे रबरी सांधे साबणाच्या पाण्यानं तपासा. रेस दिल्यावर फेस फुगतो तिथे गळती. पिकात रेस देताना शिट्टीसारखा आवाज येत असेल तर गळतीचा संशय घ्या. टर्बोचा शाफ्ट तपासताना इंजिन थंड हवं. शाफ्ट बाजूला किंचित हलणं ठीक, पण पातं भिंतीला घासता कामा नये, आणि शाफ्ट पुढेमागे सरकतोय असं बोटाला जाणवलं तर टर्बो दुरुस्तीला.

काही पंपांवर इनटेकमधून एक बारीक नळी येते. टर्बोचा दाब वाढला की डिझेल वाढवायचं, हे ती पंपाला सांगते. ती तडकली किंवा तेलानं बुजली की इंजिन टर्बो नसल्यासारखं चालतं: ताकद नाही, धूरही नाही. चांगले मिस्त्रीसुद्धा ही नळी विसरतात.

डिझेल

सर्वांत आधी टाकीचं झाकण. इंजिन बसू लागलं की मशीन थांबवून झाकण सैल करा. ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली आणि पुढे ताकद आली, तर श्वासभोक साफ करा. काम संपलं.

मग पाणी वेगळं करणाऱ्या काचेच्या वाटीचा तळाचा स्क्रू सोडून पेलाभर डिझेल बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर बसला तर ते पाणी. रात्री अर्धी रिकामी टाकी ठेवली की दवाच्या दिवसांत आत ओल धरते, म्हणून टाकी संध्याकाळीच भरून ठेवावी. बॅरल किंचित तिरकं ठेवून डिझेल तळापासून चार-पाच इंच वरून काढावं. रस्त्याकडेला मिळणाऱ्या स्वस्त ‘बायोडिझेल’च्या नावाच्या मिश्रणानं फिल्टर बुजतात आणि रबरी रिंगा फुगतात; वाचलेले पैसे नोझलवर जातात.

यानंतरही शंका असेल तर वेगळ्या टाकीची परीक्षा घ्या. संपूर्ण निदानात हिच्याइतकी नेमकी दुसरी नाही:

१. १० लिटरचा स्वच्छ कॅन गाळलेल्या डिझेलनं भरा. तो पंपापेक्षा उंचावर, सायलेन्सर आणि पंख्यापासून दूर, घट्ट बांधा.

२. फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या लहान पंपाला) टाकीकडून येणारा पाइप सोडा आणि तिथे कॅनमधून आलेला पारदर्शक पाइप जोडा.

३. एअर काढा (पाइपातली हवा; कशी ते पुढे आहे) आणि पिकात एक फेरी मारा. कॅनजवळ कोणी बसायचं नाही.

ताकद आली तर दोष टाकी ते फीड पंप यांच्यामधे: श्वासभोक, टाकीतली जाळी, दबलेला किंवा आतून सोललेला पाइप. ताकद आली नाही तर फिल्टर, फीड पंप किंवा त्यापुढचं. नंतर हाच पारदर्शक पाइप मूळ टाकीच्या वाटेत जोडून पाहा. त्यात बुडबुडे धावताना दिसले तर ओढीच्या बाजूनं हवा शिरतेय. या बाजूला डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून पाइप कोरडा दिसला तरी तो निर्दोष समजू नका.

डिझेलचे फिल्टर बदलताना दोन्ही एकदम बदला. दुसऱ्या, बारीक फिल्टरमध्ये कॅनमधलं डिझेल वरून ओतू नका. ते न गाळलेलं थेट पंपात जातं. हातपंपानंच भरा. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू एक-दोन आटे सोडा, बुडबुड्यांशिवाय धार येईपर्यंत हातपंप मारा, आणि दाबत असतानाच स्क्रू आवळा. मग पंपावरच्या स्क्रूला तेच. तरी चालू झालं नाही तर नोझलच्या पाइपांचे नट सैल करून स्टार्टर मारा. एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त नाही आणि मधे एक-दोन मिनिटं विश्रांती. तांब्याचे वॉशर नवे घाला. मिळत नसतील तर जुना लालभडक तापवून थंड केला की पुन्हा मऊ होतो. ॲल्युमिनियमच्या वॉशरला ही युक्ती चालत नाही.

तापणं

रेडिएटरची जाळी भुशानं भरली की पाणी तापतं आणि इंजिन मंदावतं. जाळी आतून बाहेर, पंख्याच्या बाजूनं, कोरड्या हवेनं फुंका. आधी पाणी मारलं तर धुळीचा चिखल पाकळ्यांत घट्ट बसतो. फिरती जाळी असेल तर तिचा लहान पट्टा तपासा. ती फिरायची थांबली की अर्ध्या तासात रेडिएटर झाकला जातो. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. एग्झॉस्ट मॅनिफोल्डवरचा भुसा दिवसातून दोनदा झटका. सोयाबीनची धूळ पेट घ्यायला वेळ लावत नाही. ६ किलोचं पावडरचं आग विझवायचं यंत्र चालकाच्या हाताशी असू द्या, कॅबच्या मागे बांधून नव्हे.

आता नोझल

इथवर सगळं ठीक निघालं तरच. इंजिन मंद चालू ठेवून नोझलच्या पाइपांचा नट एकेक करून सैल करा. चष्मा, हातमोजे हवेतच. ज्या सिलिंडरचा नट सोडल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो काम करत नाहीये. किंवा थंड इंजिन सुरू करून दोन मिनिटांत मॅनिफोल्डच्या प्रत्येक तोंडावर तापमापक बंदूक धरा. जे तोंड थंड, तो सिलिंडर आळशी. नोझल दुसऱ्या सिलिंडरला बदलून बघा. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल. तिथेच राहिला तर टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट किंवा कॉम्प्रेशन. फट पुस्तिकेतल्या आकड्यालाच लावा, अंदाजानं नाही. ऑइलचं झाकण उघडल्यावर वाफाऱ्यासारखा जोरदार धूर येत असेल, तर रिंगा गेल्या आहेत. हा हंगाम वेग कमी ठेवून काढायचा आणि इंजिन नंतर उघडायचं.

ट्रेम-४ (धुराच्या प्रदूषणाच्या) निकषांच्या नव्या, कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) इंजिनांना ही नट सोडायची परीक्षा कधीही करू नका. त्या पाइपांत हजार बारच्या वर दाब असतो; धार कातडी फोडून आत शिरते आणि बोट कापावं लागू शकतं. ही इंजिनं तापमान, डिझेलचा दाब किंवा सेन्सर बिघडल्यास स्वतःच ताकद कमी करतात. दिवा लागला असेल तर आधी स्कॅनरनं कोड वाचून घ्या. पण त्याआधी हवेचा फिल्टर, पाणी वेगळं करणारा फिल्टर, रेडिएटर आणि बॅटरीचे टर्मिनल स्वतः बघा. कोड बहुतेकदा यांच्यामुळेच येतात.

दुरुस्ती झाली की एका वेळी एकच बदल करून, त्याच रानात, त्याच वेळेला, त्याच गिअरमध्ये सुरुवातीची चार मापं पुन्हा घ्या. दुपारी दोनचा आकडा संध्याकाळी सातच्या आकड्याशी ताडून बघितला तर दवच निकाल देतं. चांगल्या स्थितीतले आकडे कॅबमध्ये रंगानं लिहून ठेवा. पुढच्या ऑक्टोबरला मशीनवर दुसरा चालक असला तरी त्याला चारातला पहिला आकडा तरी विचारावा लागणार नाही.